इलेक्ट्रिक युनिसायकल: किती इंची घ्यावी, कशी शिकावी? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चाक घेऊन बाहेर पडलं की लोक थांबवतातच. पहिला प्रश्न ठरलेला, "किती ॲव्हरेज देते?" दुसरा, "कितीला पडली?" दोन्हींची उत्तरं खाली आहेत. पण घेणाऱ्याने आधी विचारायला हवं ते वेगळंच असतं, म्हणून क्रम थोडा बदलला आहे.

ही नेमकी चीज काय आहे? एका चाकावर माणूस पडत कसा नाही?

एकच चाक, त्याच्या पोटात मोटर, दोन्ही बाजूंना घडी होणारे पेडल, वर बॅटरी आणि कंट्रोल बोर्ड. हँडल नाही, ब्रेकची मूठ नाही, ॲक्सिलरेटर नाही. आतले सेन्सर चाक किती कललं ते सेकंदाला शेकडो वेळा मोजतात आणि बोर्ड त्या मानाने मोटर फिरवतो. तळहातावर काठी उभी धरून पाहिली असेल, तर काठी झुकते तिकडे हात न्यावा लागतो. तेच काम इथे मोटर करते. तुम्ही पुढे झुकलात की चाक तुमच्याखाली यायला पुढे पळतं, मागे रेललात की थांबतं.

यंत्र फक्त पुढचा-मागचा तोल सांभाळतं. डावा-उजवा तोल तुमचा तुम्ही सांभाळायचा.

आणि चाक तुमच्याखाली येईल ते मोटरमध्ये ताकद शिल्लक आहे तोवरच. खालच्या अर्ध्याअधिक उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

अशी चाकं बाजारात आणली ती अमेरिकेतल्या शेन चेन यांनी, 'सोलोव्हील' या नावाने, २०११ च्या सुमारास. आता मात्र जवळजवळ सगळा माल चिनी कंपन्यांचा आहे: इनमोशन, किंगसाँग, बिगोड (आधीचं नाव गॉटवे), लीपरकिम.

१४, १६, १८, २० इंच म्हणजे कशाचा आकडा?

टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात कंपन्या हा आकडा सैलपणे वापरतात. किंगसाँगचं १६एक्स नावाला १६ इंची, पण टायर ३ इंच रुंद असल्याने चाक उभं केलं की १८ इंचीच्या शेजारी शोभतं. म्हणून नावावर जाऊ नका. टायरवर छापलेलं माप वाचा: १६ x २.१२५ आणि १६ x ३ या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

मग मी कोणतं घ्यावं?

बहुतेक जण वेगाच्या आकड्यावरून ठरवतात. तुम्ही तीन गोष्टी क्रमाने पाहा: जमीन कशी आहे, तुमचं वजन किती आहे आणि चाक उचलून न्यायचं आहे का.

१४ इंची चाक हलकं असतं, जागच्या जागी वळतं, हातात धरून जिना चढता येतो. गुळगुळीत फरशीवर, सोसायटीच्या आवारात, कॉलेजच्या काँक्रीटवर मजा येते. पण लहान चाकाला खड्डा मोठा. आपल्याकडे नळाच्या पाइपसाठी रस्ता आडवा खोदतात आणि नंतर मुरूम टाकून सोडून देतात. मोटारसायकलवाल्याला ती चर जाणवतही नाही, १४ इंची चाक मात्र तिच्यात बसतं आणि माणूस पुढे जातो.

१६ इंची हा मधला मार्ग, आणि मराठवाड्यात पहिलं चाक घेणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सांगतो. इनमोशनचं व्ही८ या जातीचं नमुनेदार चाक आहे: ८०० वॅटची मोटर, साधारण ४८० वॅट-तासांची बॅटरी (वॅट-तास म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), वजन चौदा किलोच्या आत. शिकायला सोपं, पडलं तरी उचलायला जड नाही.

१८ इंची चाक खडी, भेगा, स्पीड ब्रेकर सहज ओलांडतं आणि सरळ रेषेत शांत चालतं. किंमत मोजायची ती वजनाची. सस्पेन्शन असलेलं इनमोशनचं व्ही११ सत्तावीस किलोच्या घरात जातं. बाजरीचं अर्धं पोतं तिसऱ्या मजल्यावर रोज नेण्याची तयारी असेल तर घ्या. २०२० पासून सस्पेन्शनवाली चाकं आली आणि खराब जमिनीवरचं गुडघ्यांचं दुखणं बरंच कमी झालं, हेही खरं.

२० इंच आणि पुढची चाकं पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी नाहीत. लीपरकिमचं शर्मन ३५ किलोचं आहे. शिकताना ते शंभर वेळा आडवं पडणार आणि प्रत्येक वेळी ते तुम्हालाच उभं करायचं आहे.

माझं वजन ९५ किलो आहे. चालेल का?

चालेल, पण छोट्या बॅटरीचं चाक तुमच्यासाठी नाही. जड माणसाला तेवढ्याच वेगाला जास्त ताकद लागते आणि शिल्लक लवकर संपते. ८० किलोच्या वर असाल तर ८४ व्होल्टच्या बॅटरीचं चाक आणि दोन हजार वॅटच्या आसपासची मोटर पाहा. लहान चाक "१२० किलोपर्यंत चालतं" असं पेटीवर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चाक मोडणार नाही एवढाच. ते तुम्हाला चढावर सांभाळेल असा नाही.

उंची कमी आहे, त्रास होईल का?

नाही. मोठ्या चाकाचं शेल, म्हणजे बाहेरचं कवच, गुडघ्याच्या वर येऊन बोचत असेल तर एक माप खाली या, एवढंच.

कंपनी म्हणते ५० ची स्पीड. खरंच ५० ने चालवता येतं का?

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण मोठे अपघात इथेच होतात.

मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलट दिशेने विजेचा दाब तयार करते. वेग जितका जास्त, तितका हा उलटा दाब जास्त. तो बॅटरीच्या दाबाजवळ पोचला की मोटरला ढकलायला काहीच उरत नाही. स्कूटरवर असं झालं तर स्कूटर फक्त आणखी पळत नाही. इथे चाक तुमच्याखाली यायचं थांबतं. तुम्ही झुकलेले असताच, त्यामुळे पेडल पुढे कोसळतं आणि माणूस तोंडावर येतो. चाकवाल्यांच्या भाषेत 'कटआउट'.

आता यात बॅटरीचा हिशेब घाला. ६७.२ व्होल्टच्या चाकात १६ सेल ओळीने असतात, पूर्ण भरलेला प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट देतो. बॅटरी उतरत गेली की तोच सेल साडेतीनच्या खाली येतो, म्हणजे सगळा मिळून दाब पन्नाशीत घसरतो. सकाळी फुल चार्जवर जो वेग सुरक्षित होता, तोच संध्याकाळी वीस टक्क्यांवर धोक्याचा असतो. त्यात समोर स्पीड ब्रेकर आला, वाऱ्याचा झोत आला, चढ आला, तर क्षणभर जास्त ताकद लागते आणि ती नसते.

म्हणून चाक आधी बीप वाजवतं, मग पेडलचं नाक वर उचलून तुम्हाला मागे ढकलतं. याला 'टिल्टबॅक' म्हणतात. तो आला की मागे रेला, त्याच्याशी झोंबू नका. चाकाच्या मोबाइल ॲपमध्ये जाऊन बीप बंद करणारे बहाद्दर आहेत, त्यांच्या नादी लागू नका. कंपनीच्या कमाल वेगाच्या दोन तृतीयांशाला आपली हद्द माना आणि बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली गेली की त्याहून हळू चला. ५० चं चाक घ्यायचं ते ३० ने निवांत चालवायला.

ॲव्हरेज किती?

बहुतेक माणसांना किलोमीटरला १२ ते २० वॅट-तास लागतात. ४८० वॅट-तासांची बॅटरी असेल तर पंचवीस-तीस किलोमीटर धरा, वजन कमी आणि वेग कमी असेल तर थोडं जास्त. कंपनीचा आकडा हलक्या माणसाचा, सपाट जमिनीवरचा, मंद वेगाचा असतो. विजेचा खर्च मात्र नगण्य: ही बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते.

आणि कितीला पडते?

बाहेरून मागवायची म्हणजे चाकाची किंमत, वाहतूक आणि कस्टम ड्यूटी असे तीन खर्च. लहान चाकसुद्धा घरी येईपर्यंत साध्या पेट्रोल स्कूटरच्या किमतीला भिडतं, मोठी चाकं त्याच्या दुप्पट-तिप्पट. लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते, त्यामुळे प्रत्येक कुरिअर ती घेत नाही आणि जो घेतो तो पैसे लावतो. वॉरंटी कागदावर असते. चाक परत चीनला पाठवायचा खर्च काढलात की ती कागदावरच का राहते ते कळतं.

मला सायकलसुद्धा येत नाही. जमेल का?

जमेल. सायकल येणाऱ्याला वळताना थोडा फायदा होतो, कारण डावीकडे पडायला लागलं की डावीकडेच वळायचं हे त्याच्या अंगात असतं. पण त्याचे हात हँडल शोधत राहतात, हा तोटा. दोघे शेवटी बरोबरीनेच शिकतात.

शिकायचं कसं? नेमकं पहिल्या दिवशी काय करायचं?

चाकाला आधी अंगरखा घाला. जुन्या योगा मॅटचे तुकडे कापून दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने गुंडाळा. लाइट, चार्जिंगचं भोक आणि हवा जायची जागा उघडी ठेवा. हवा ३५ पीएसआयच्या आसपास भरा, टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत. ॲपमध्ये वेगाची मर्यादा कमी करा आणि पेडल 'हार्ड' ठेवा. मऊ पेडल आरामशीर वाटतं, पण नवख्याला ते पायाखालून निसटतंय असं वाटतं.

मग भिंत किंवा जाळीचं कुंपण धरा. जो पाय तुम्ही फुटबॉल मारायला वापरत नाही, तो पेडलवर ठेवा. टाच आणि चवडा यांचा मध्य चाकाच्या आसाच्या आसपास यायला हवा, आणि घोटा चाकाला जवळजवळ चिकटलेला. आता चाक त्या पायाकडे किंचित कलवा, म्हणजे शेलच्या बाजूला वर असलेला मऊ पॅड नडगीच्या आतल्या बाजूला टेकेल. पाय, पेडल आणि पॅड मिळून एक त्रिकोण तयार होतो. हा त्रिकोण पक्का झाला की एका पायावर उभं राहून दुसरा पाय हवेत उचला, क्षणभर का होईना. हे कंटाळवाणं वाटतं आणि सगळे इथेच घाई करतात. पण एका पायाने चाक ताब्यात ठेवता आलं की अर्धं काम झालं. नंतर दुसऱ्या पायाने जमीन ढकलत, लहान पोरं फळीच्या गाडीवर जातात तसं थोडं पुढे सरका.

दोन्ही पाय वर घेतल्यावर तीन चुका हमखास होतात. पहिली, खाली पाहणं. मान खाली गेली की चाक वळवळतं, समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या पाटीवर नजर ठेवा. दुसरी, भीतीने अतिशय हळू चालणं. चालण्याच्या वेगाखाली तोल राखणं हेच सगळ्यात अवघड असतं, जरा वेग आला की चाक आपोआप सरळ होतं. तिसरी, कमरेतून वाकणं. झुकायचं ते घोट्यापासून अख्खं अंग. कमरेत वाकलात तर डोकं पुढे जातं आणि पार्श्वभाग मागे, वजन तिथल्या तिथेच राहतं.

थांबायचं असेल तर मागे खुर्ची आहे असं समजून बसा. सरळ जाणं येण्याआधी थांबणं शिका, उलट क्रमाने शिकणारे कुंपणाला जाऊन थांबतात.

मित्राच्या खांद्याचा आधार घेतला तर चालतो, पण मित्राने तुमचा हात धरू नये. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवा, म्हणजे सोडायचा तेव्हा तुम्हीच सोडाल.

किती दिवस लागतात?

रोज पंधरा-वीस मिनिटं दिलीत तर आठवडाभरात बहुतेक जण मोकळ्या मैदानात सरळ जातात, वळणं पुढच्या आठवड्यात येतात. एका रविवारी सलग चार तास झटण्यात अर्थ नाही. पाय थकले की चुकीच्याच सवयी लागतात. काल अजिबात न जमलेली गोष्ट आज सकाळी आपोआप जमते, हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला येतो.

शिकायला जागा कुठे शोधायची?

गाळ, वाळू आणि गर्दी नको. काँक्रीट किंवा घट्ट डांबर हवं. जिनिंग-प्रेसिंगचं आवार कापसाचा हंगाम संपला की उन्हाळ्यात रिकामं पडतं, त्याइतकी चांगली जागा नाही, फक्त मालकाला विचारा. मंगल कार्यालयाचं पार्किंग तिथी नसलेल्या दिवशी. मोंढ्यातले काँक्रीटचे रस्ते सुट्टीच्या दिवशी, तेही हळदीचा किंवा सोयाबीनचा लिलाव नाही याची खात्री करून. शाळेचं मैदान दिसायला छान असतं, पण मातीवर चाक रुततं आणि शिकणाऱ्याला वाटतं आपणच कमी पडतोय.

प्रेक्षक जमतील, "काका, सर्कशीत जायचं का?" असंही ऐकावं लागेल. पहाटे साडेपाचला जा.

सेफ्टीचं काय काय लागतं?

हेल्मेट, आणि त्याच्याइतकेच महत्त्वाचे मनगटाचे गार्ड. या चाकावरून माणूस पुढे पडतो आणि हात आधी टेकतात. आत प्लास्टिकची पट्टी असलेले स्केटिंगचे गार्ड घ्या, नुसता जिमचा पट्टा कामाचा नाही. गुडघ्याचे गार्ड हवेतच. चपलेवर किंवा सँडलवर चालवू नका, सपाट तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट घाला.

नडगी इतकी दुखते की पाय ठेवता येत नाही. काय करू?

तुम्ही पॅडला पाय घट्ट आवळताय. सगळेच आवळतात. फुटबॉलचे शिनगार्ड उलटे, आतल्या बाजूला बांधा. पाय सैल सोडायला जमलं की दुखणं आपोआप जातं. घट्ट आवळल्याने आणखी एक होतं: थोडा वेग आला की चाक डावीकडे-उजवीकडे थरथरतं. ही 'वॉबल' आली तर गुडघे सैल सोडा, वजन एका पायावर जरा जास्त द्या आणि हळूहळू वेग कमी करा. एकदम ब्रेक मारलात तर थरथर वाढते.

रस्त्यावर चालवली तर पोलीस धरतील का?

धरू शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार विजेवरचं वाहन 'मोटार वाहन' मानलं जाऊ नये यासाठी मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी, आणि हे अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असावं लागतं. वर सांगितलेली चाकं पहिल्या अटीतच नापास होतात. आणि मोटार वाहन मानलं तर नोंदणी, नंबर, विमा हवा, जो या चाकांना मिळत नाही. म्हणजे सार्वजनिक रस्ता तुमचा नाही. खासगी आवार, फार्महाऊस, परवानगी घेतलेला कॅम्पस, कारखान्याचं आवार ही तुमची जागा. अपघातात दुसऱ्याला लागलं तर विम्याशिवाय सगळं तुमच्या अंगावर येतं, दंड त्यामानाने किरकोळ आहे.

मे महिन्यात चालवता येते का?

सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. परभणीत, नांदेडात पारा ४२-४४ ला जातो तेव्हा काँक्रीट त्याहून तापलेलं असतं, आणि कंट्रोल बोर्ड गरम झाला की चाक वेग कमी करतं किंवा टिल्टबॅक देतं. तापलेलं चाक लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत निवू द्या. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवणं तर अजिबात नको. गावाला महिनाभर जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा. चार्जिंग जागेपणी, डोळ्यांसमोर करा. गादीखाली, पडद्याजवळ नाही.

म्हैसमाळ-खुलताबादकडे टेकडीवर फार्महाऊस असेल तर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. उतारावर थांबताना मोटर वीज तयार करून बॅटरीत परत ढकलते. बॅटरी आधीच शंभर टक्के भरलेली असेल तर त्या विजेला जागा नसते आणि चाक ओरडायला लागतं. वरून निघायचं असेल तर ऐंशी टक्क्यांवर चार्जर काढा.

आणि पावसाळ्यात?

थोडी रिमझिम बरीच चाकं सोसतात, पण साठलेल्या पाण्यातून नेण्यासाठी ती बनलेली नाहीत. आपल्याकडे पाण्याहून वाईट म्हणजे काळी माती. ती टायरला थरावर थर चिकटत जाते आणि टायर व शेल यांच्यातली बोटभर फट भरून टाकते. शेताच्या वाटेवर पन्नास पावलांत चाक जाम होतं, आणि जाम झालेलं चाक थांबतं ते सूचना न देता. वापसा येईपर्यंत चाक घरात.

बाभळीचा काटा घुसला तर पंक्चर कोण काढणार?

नेहमीचा पंक्चरवालाच, पण चाक उघडून तुम्ही द्यायचं. बऱ्याच चाकांत ट्यूब असते, ती साध्या पॅचने जोडता येते. अडचण अशी की मोटर चाकाच्या आत आहे आणि तिची जाड वायर आसातून वर बोर्डाकडे जाते. मोटारसायकलसारखं नट काढलं आणि चाक हातात आलं, असं होत नाही. आधी पेडल आणि ते अडकवलेले हँगर, मग शेल, मग वायरीचे कनेक्टर. ते उपटताना फोटो काढून ठेवा. पंक्चरवाल्याला सांगा की लोखंडी पट्टीने टायर उचकटताना वायरीच्या बाजूने उचकटू नको.

दुसरं, व्हॉल्व्ह इतका आत असतो की हवेची नळी बसतच नाही. नव्वद अंशांत वळलेलं एक्स्टेंशन ऑनलाइन मिळतं, चाक यायच्या आधीच मागवा. ट्यूबमध्ये सीलंट भरून ठेवलं तर वेड्या बाभळीचे बारीक काटे जिरतात, मोठ्या काट्याला ते पुरत नाही.

चाक विमानाने पुण्या-मुंबईहून आणता येईल का?

नाही. प्रवाशांच्या सामानात १६० वॅट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही, आणि व्ही८ सारख्या चाकाची बॅटरीसुद्धा त्याच्या तिप्पट असते. स्वतःच्या गाडीने आणा.

सेकंडहँड घेताना काय बघायचं?

चार्जर लावून पूर्ण भरू द्या आणि ॲपमध्ये व्होल्टेज पाहा. ६७.२ च्या चाकाने ६७ च्या आसपास जायलाच हवं. ६४-६५ वर अडकलं तर एखादा सेल गेलेला आहे. मग मालकासमोर थोडं चालवून (किंवा त्याला चालवायला सांगून) व्होल्टेज किती झपाट्याने खाली येतं ते बघा. चाक उचलून हाताने फिरवा, बेअरिंग खरखरत असेल तर आवाज येतो. पेडल उघडून दोन्ही एका उंचीवर आहेत का ते समोरून पाहा. शेलचे ओरखडे मनावर घेऊ नका, शिकलेल्या माणसाचं चाक ओरखडलेलंच असतं. पण खालच्या स्क्रूंवर गंज असेल तर ते पाण्यातून गेलेलं आहे, मालक काहीही सांगो. आणि बॅटरी "घरीच मोठी करून घेतली" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर चहा पिऊन परत या.